घरात वायफाय लावताय? आधी जगदीशचंद्र बोसांना भेटा

घाटकोपर-मुलुंडच्या फ्लॅटमध्ये वायफायची तक्रार एकच: हॉलमध्ये स्पीड झकास, बेडरूममध्ये व्हिडिओ गोल गोल फिरतो. राउटर कुठे ठेवू, असं कुणी विचारलं की मी आधी जगदीशचंद्र बोसांबद्दल सांगतो. लहर कशातून जाते आणि कुठे अडते, हे त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी तपासलं होतं.

बोसांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 चा, आज बांगलादेशात असलेल्या मैमनसिंगचा. वडील सरकारी अधिकारी, तरी मुलाला आधी बंगाली शाळेत घातलं. पुढे कोलकात्याचं सेंट झेवियर्स, मग केंब्रिज. 1885 मध्ये ते प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. भारतीय म्हणून पगार इंग्रज प्राध्यापकांपेक्षा कमी! त्यांनी शिकवणं सोडलं नाही, पण तीन वर्षं पगाराला हात लावला नाही. शेवटी सरकारनेच माघार घेऊन मागची सगळी रक्कम दिली.

धड प्रयोगशाळाही नव्हती. एका लहानशा खोलीत, पदरच्या पैशांनी उपकरणं बनवून 1894 पासून त्यांनी रेडिओ लहरींवर काम केलं. हर्ट्झच्या लांबलचक लहरी त्यांनी 5 मिलिमीटरपर्यंत आखूड केल्या, म्हणजे आजच्या भाषेत सुमारे 60 गिगाहर्ट्झ. आपल्या वायफायची 2.4 गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटीमीटरची असते, 5 गिगाहर्ट्झची सहा सेंटीमीटरची.

1895 मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी लहर भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवली, बंदुकीची दारू पेटवली. मध्ये तार नव्हती. दुसऱ्या एका प्रयोगात रेल्वेच्या जाडजूड वेळापत्रकाच्या पानापानांत टिनचा पत्रा घातला. पुस्तक एका दिशेने धरलं की लहर आरपार, फिरवून धरलं की अडली! कागद वाट देतो, धातू देत नाही.

पेटंटच्या पैशात त्यांना रस नव्हता. मित्रमंडळींच्या आग्रहाने अर्ज केला आणि 1904 मध्ये अमेरिकेचं पेटंट मिळालं. तोवर मार्कोनीचं नाव जगभर झालं होतं आणि बोस वनस्पतींच्या अभ्यासाकडे वळले होते. 1917 मध्ये त्यांनी स्वतःची संशोधन संस्था काढली. 23 नोव्हेंबर 1937 ला गिरिडीहला ते गेले.

आता आपलं घर. लहर भिंत ओलांडते, पण ओलांडताना थकते. 5 गिगाहर्ट्झची जास्तच. सळ्यांची काँक्रीट भिंत, लोखंडी कपाट, आरसा हे तिचे शत्रू. म्हणून भिंत ओलांडायचं काम केबलला द्या. बेडरूमपर्यंत लॅन केबल असेल तर तिथे दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर लावा. तो मोड नसेल तर त्याचा आयपी पत्ता बदला, डीएचसीपी बंद करा आणि केबल लॅन पोर्टमध्येच घाला. नाव-पासवर्ड दोन्हीकडे सारखा, चॅनल मात्र वेगळे: 2.4 वर एकीकडे 1, दुसरीकडे 6 किंवा 11. राउटर उंचावर आणि उघड्यावर ठेवा, कपाटाच्या मागे नको.