नाथबाबांनी पोथी खरी मानली

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून नाथबाबांचं चरित्र लिहून द्या, असं विणेकरीबाबांनी मला सांगितलं. माझं शिक्षण चौथी. कीर्तनाला उभा राहिलो तर दोन तास कधी सरले कळत नाही, पण कागद पुढे आला की हात नांगरासारखा जड होतो. चुकलंमाकलं पदरात घ्यावं.

पैठणच्या भानुदास महाराजांच्या कुळात नाथ जन्मले. विजयनगरच्या राजाने नेलेली पांडुरंगाची मूर्ती परत पंढरीला आणली ते हेच भानुदास, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. नाथांचे वडील सूर्यनारायण, आई रुक्मिणी. दोघंही नाथ लहान असताना गेले. आजोबा चक्रपाणींनी सांभाळ केला. मुंज झाली, संध्या आली, पाठांतर झालं. गावातल्या दुसऱ्या पोरांचंही तेवढं होतच असेल. पण पुराण ऐकायचं आणि धोतर झटकून घरी जायचं, एवढ्यावर ह्या पोराचं भागेना. एक दिवस कुणाला न सांगता घर सोडलं आणि देवगिरी गाठली. वय असेल बाराएक वर्षांचं.

देवगिरीला जनार्दनस्वामी होते. किल्ल्याचा कारभार बघणारा संसारी माणूस, पण आतून दत्तभक्त. त्यांनी नाथांना हिशेबाचं काम दिलं. एका रात्री एका पैचा मेळ बसेना. नाथ दिव्यात तेल घालून बसून राहिले. उत्तररात्री चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली, त्या आवाजाने स्वामी जागे झाले. एका पैसाठी रात्रभर डोळा लागला नाही, हीच ओढ देवाकडे लागली तर काय होईल, असं त्यांनी शिष्याला समजावलं. मी पारायणाला बसतो तेव्हा मला ही गोष्ट हमखास आठवते, कारण माझं लक्ष कितवा अध्याय चाललाय आणि पंगत कधी बसते ह्याच्याकडे असतं.

पुढे तीर्थयात्रा झाली, गुरूंच्या आज्ञेने नाथ पैठणला राहिले, गिरिजाबाईंशी लग्न झालं. भागवताच्या अकराव्या स्कंधावर त्यांनी मराठीत टीका लिहायला घेतली. सुरुवात पैठणला, शेवट काशीत, शके १४९५ म्हणजे इ.स. १५७३ साली. अध्याय ३१. देववाणी प्राकृतात आणली म्हणून काशीच्या पंडितांनी आधी डोळे वटारले, मग त्याच ग्रंथाला मान दिला. शके १५०६, म्हणजे इ.स. १५८४ साली नाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली. नकलून नकलून पाठ बिघडले होते, ते एकेक तपासून लावले. आज आपण वाचतो त्या ज्ञानेश्वरीमागे ही मेहनत आहे.

हे मुद्दाम लिहिलं. काही लोक सांगतात, नाथांनी सोवळंओवळं मोडलं कारण त्यांना शास्त्राची पर्वा नव्हती. अहो, ज्याने ओवीन् ओवी पारखली त्याला पर्वा नव्हती? गोदावरीचं स्नान, संध्या, पूजा, श्राद्ध सगळं ते करत होते. सर्वांभूती देव आहे असं पोथीत आलं, ते इतरांनी वाचून पान उलटलं. नाथांनी ते खरं मानलं. फरक तेवढाच, पण तो फार मोठा.

वडिलांच्या श्राद्धाचा दिवस. स्वयंपाकाचा वास रस्त्यावर गेला. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या वस्तीतली बायामाणसं वाड्याजवळून चालली होती, कडेवर लेकरं. लेकरांनी त्या वासावर जेवण मागितलं. नाथांनी ऐकलं आणि सगळ्यांना बोलावून तो स्वयंपाक वाढला. गिरिजाबाईंनी घर सारवून चूल पुन्हा पेटवली. आपण कीर्तनकार नाथांचाच गजर करतो, पण दुसऱ्यांदा धुराला बसली ती ती माउली. ब्राह्मण जेवायला आले नाहीत. मग पितर स्वतःच पानावर येऊन जेवले, असं महिपतीबुवांनी सांगितलं आहे.

दुसरी गोष्ट तुम्हांला पाठ आहे. काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराला चालली होती. वाटेत वाळूत एक गाढव तहानेने तडफडत होतं. नाथांनी कावड तिथेच त्याच्या तोंडात रिकामी केली आणि रामेश्वर पावला म्हणाले.

तीन उन्हाळ्यांपूर्वी सप्त्यात मी हीच कथा लावली. बायाबापड्या रडल्या, माझंही नरडं दाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एक मेंढपाळ मेंढरं घेऊन माझ्या हौदाशी आला. विहिरीला पाणी बेताचं, मोसंबीला दिवसाआड पाणी देत होतो. मी त्याला पुढे जा म्हणून हात केला. तो काही बोलला नाही, मेंढरं वळवली आणि गेला. संध्याकाळी आमच्या मंडळींनी भाकर वाढताना एवढंच विचारलं, की काल रात्री पाणी पाजलेलं गाढव कुणाचं होतं. माळ गळ्यात आली त्याला चाळीस वर्षं झाली होती. त्यानंतर ती कथा मी कीर्तनात लावलेली नाही, आज लिहिताना पहिल्यांदा आली.

तर नाथांच्या घरातच ह्याच गोष्टीवरून मोठा पेच पडला. त्यांचा मुलगा हरिपंडित चांगला शिकलेला. वडील प्राकृतात पुराण सांगतात, वाटेल त्याच्या घरचं खातात, हे त्याला सोसेना. रागाने तो काशीला निघून गेला. मला हरिपंडिताला वाईट म्हणवत नाही. त्यालाही धर्म बुडेल अशीच भीती होती. नाथ म्हातारपणी काशीला जाऊन त्याला घेऊन आले. मुलाच्या दोन अटी होत्या, प्राकृतात सांगायचं नाही आणि परान्न घ्यायचं नाही. नाथांनी वाद घातला नाही. एवढा ग्रंथकर्ता बाप गप्प बसून मुलाचं पुराण ऐकू लागला. हरिपंडित संस्कृतात सांगायचा, अर्थ बिनचूक, पण श्रोते एकेक करून उठले.

पैठणात एक गरीब विधवा होती. सहस्रभोजन घालायचा तिचा संकल्प नवरा असताना राहून गेला होता, आता घरात दाणा नाही. एका ब्रह्मज्ञान्याला जेवू घातलं तरी हजाराचं पुण्य, असं तिला कुणी सांगितलं. ती नाथांकडे आली. अट मोडू नये म्हणून हरिपंडिताने तिच्या घरी जाऊन स्वतः स्वयंपाक केला. नाथ जेवले. पत्रावळ उचलायला त्यांनी मुलालाच सांगितलं. त्याने एक उचलली, खाली दुसरी. दुसरी उचलली, खाली तिसरी. अशा हजार निघाल्या. हरिपंडित वाकून वाकून उचलत होता. असं वाकणं त्याला पोथीने शिकवलं नव्हतं. शेवटी त्याने वडिलांचे पाय धरले, अटी मागे घेतल्या, आणि वाड्यात पुन्हा मराठीत कथा सुरू झाली. गेलेले श्रोते परतले.

शके १५२१, फाल्गुन वद्य षष्ठी. कीर्तन करत नाथ गोदावरीच्या पात्रात गेले.

नाथषष्ठीला आपली माणसं पैठणला जातात तेव्हा नाथांच्या वाड्यातल्या रांजणात गोदेच्या पाण्याची घागर ओततात. देवाने श्रीखंड्या होऊन जो रांजण भरला म्हणतात, तोच हा. मागच्या षष्ठीला मीही ओतली. खांदा दुखतो म्हणून घागर निम्मीच नेली होती. घरी आलो आणि हौदाच्या पायवाटेवर बाभळीची फांदी आडवी टाकलेली होती, ती आधी काढली.