पाकात पिळलेलं लिंबू

गुलाबजामच्या पाकात लिंबाचे चार थेंब पिळले की साखर बसत नाही, हे मला आईने शिकवलं. तिला तिच्या आईने शिकवलं असणार. असं का होतं, हे आम्हा तिघींपैकी कोणीच कधी विचारलं नाही. पाक साधला ना, मग झालं! पण सव्वातीनशेहून जास्त वर्षांपूर्वी मेक्सिकोतल्या एका बाईने नेमकी हीच गोष्ट लिहून ठेवली आहे, हे वाचलं तेव्हा मी चकितच झाले. आंबट फळ भिजवलेलं थोडंसं पाणी घातलं की साखरेचा पाक पातळ राहतो, अंडं लोण्यात किंवा तेलात आळून येतं पण पाकात त्याचे तुकडे पडतात, अशी निरीक्षणं तिने केली होती. स्वयंपाकघरात कधी पाऊल न टाकल्यामुळे अ‍ॅरिस्टॉटलचं नुकसानच झालं, अशी कोपरखळीही तिने मारून ठेवली आहे.

या बाईचं नाव सोर ह्वाना इनेस दे ला क्रूझ. सोर म्हणजे सिस्टर. ती नन होती, कवयित्री होती, नाटकं लिहायची आणि शिकण्याच्या हक्कासाठी एका बिशपला उत्तर द्यायची हिंमत तिच्यात होती. स्पॅनिश भाषा बोलणाऱ्या देशांत तिचं नाव माहीत नाही असा शिकलेला माणूस सापडणं कठीण. आपल्याकडे मात्र ती फारशी पोचलेली नाही. म्हणून आज तिच्याविषयी.

मेक्सिको तेव्हा स्पेनच्या राज्याचा भाग होता. पोपोकातेपेत्ल आणि इस्तासिवात्ल या दोन ज्वालामुखी पर्वतांच्या पायथ्याशी नेपांतला नावाचं गाव आहे. तिथे ह्वानाचा जन्म झाला. साल कोणी 1648 सांगतात, कोणी 1651. नेपांतला हा तिथल्या मूळ रहिवाशांच्या नाहुआत्ल भाषेतला शब्द. त्याचा अर्थ ‘मधोमध’. या मुलीचं आयुष्यही असंच मधोमध गेलं. वडील स्पॅनिश कप्तान, पण आईशी त्यांचं लग्न झालेलं नव्हतं आणि ते मुलीच्या आयुष्यात जवळजवळ नव्हतेच. आई इसाबेल रामिरेस शेतीवाडीचा सगळा कारभार एकहाती बघायची, पण तिला स्वतःची सही करता येत नव्हती. सहा मुलं वाढवणारी, नोकरचाकर सांभाळणारी, हिशेब तोंडी ठेवणारी ही बाई मला फार ओळखीची वाटते. अशा कितीतरी जणी मी रोज बघते.

ह्वाना तीन वर्षांची असताना मोठी बहीण गावातल्या बाईंकडे शिकायला जायची. ही तिच्या मागोमाग गेली आणि आईने मलाही शिकवायला सांगितलंय, अशी चक्क थाप मारली! बाईंना खरं कळलं होतं, पण त्यांनी तिला शिकवलं. पोरगी वाचायला लागली तरी घरी पत्ता नव्हता. चीज खाल्ल्याने बुद्धी मंद होते असं कुठेतरी कानावर पडलं, म्हणून तिने आवडतं चीज सोडलं. आजोबांकडे पुस्तकं होती. रागावणं, शिक्षा काहीही झालं तरी ती त्यांतच डोकं घालून बसायची.

सहा-सात वर्षांची असताना तिला कळलं, की मेक्सिको शहरात विद्यापीठ आहे. मग तिने आईच्या मागे भुणभुण लावली, मला मुलाचे कपडे घाल आणि तिकडे पाठव. आईने अर्थातच ऐकलं नाही. पुढे ती लॅटिन शिकली, ते जेमतेम वीस धड्यांत. ठरवलेल्या मुदतीत ठरवलेला भाग आला नाही, तर ती स्वतःचे केस कापून टाकायची. ज्या डोक्यात काही नाही त्यावर शोभेचे केस तरी कशाला, असा तिचा हिशेब. लांब केस म्हणजे मुलीचं सौंदर्य मानणाऱ्या काळातली ही गोष्ट आहे, हे लक्षात घ्या.

पुढे ती मेक्सिको शहरात मावशीकडे राहिली. हुशारीचा बोलबाला होऊन सोळाव्या वर्षाच्या आसपास व्हाइसरॉयच्या दरबारात त्यांच्या पत्नीची सखी म्हणून दाखल झाली. व्हाइसरॉयने तिची परीक्षा घ्यायला चाळीसेक विद्वान पुरुष एकत्र बोलावले. कोणी धर्मशास्त्रावर विचारलं, कोणी गणितावर. पोरीने सगळ्यांना उत्तरं दिली. पण परीक्षा पास होऊन पुढे काय? विद्यापीठाचं दार तर बंदच. अशा मुलीपुढे दोनच वाटा होत्या, लग्न किंवा मठ. लग्नाची इच्छा नाही, हे तिने पुढे स्वतःच स्पष्ट लिहिलं. 1667 मध्ये ती एका फार कडक शिस्तीच्या मठात गेली आणि तीन महिन्यांत बाहेर पडली. मग 1669 मध्ये सान हेरोनिमोच्या मठात तिने कायमची दीक्षा घेतली. गंमत म्हणजे मठात जायलाही हुंडा भरावा लागायचा! एका श्रीमंत सद्गृहस्थांनी तो भरला म्हणून तिला प्रवेश मिळाला.

मठ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उपासतापास आणि शांतता येते. इथे तसं नव्हतं. ह्वानाचं स्वतंत्र बिऱ्हाड होतं, त्यात पुस्तकं, वाद्यं, शास्त्रीय उपकरणं होती. तिचा पहिला चरित्रकार पुस्तकांचा आकडा 4000 देतो. तो फुगवलेला असेल असं पुष्कळ अभ्यासकांना वाटतं, पण संग्रह मोठा होता यात शंका नाही. मठाचे हिशेब तिने कित्येक वर्षं सांभाळले. भेटीच्या खोलीत जाळीआडून विद्वानांशी गप्पा व्हायच्या. चर्चसाठी तिने गाणी लिहिली, त्यांतली काही नाहुआत्लमध्ये आहेत. नाटकं लिहिली. आपणच स्त्रियांना बिघडवायचं आणि वर आपणच त्यांना नावं ठेवायची, या पुरुषी न्यायावरची तिची कविता तर आजही सगळ्यांत प्रसिद्ध आहे. 1689 मध्ये माद्रिदला तिचा पहिला संग्रह छापला गेला, तोही एका मैत्रिणीमुळे. व्हाइसरॉयची पत्नी मारिया लुइसा स्पेनला परतताना तिच्या कविता सोबत घेऊन गेली होती.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. मठात या सगळ्या बायकांच्या दिमतीला मोलकरणी आणि गुलाम असत. ह्वानाला आईने सेवेसाठी एक गुलाम मुलगी दिली होती आणि पुढे ह्वानाने ती बहिणीला विकली. हे वाचून मी थबकले. तिला लिहायला मोकळा वेळ मिळाला, तो दुसऱ्या एका मुलीच्या कष्टांतून. आपण मोठी माणसं देव्हाऱ्यात बसवतो तेव्हा असे कोपरे पुसून टाकतो. नको पुसायला.

1690 मध्ये वादळ उठलं. पोर्तुगालमध्ये जन्मलेले आणि ब्राझीलमध्ये वाढलेले आंतोनियो विएरा हे फार गाजलेले धर्मोपदेशक होते. त्यांच्या एका जुन्या प्रवचनातले मुद्दे ह्वानाने खोडून काढले होते. प्वेब्ला शहराच्या बिशपने ते लिखाण तिला न विचारता छापलं आणि त्याला आपलं पत्र जोडलं. पत्रात तिच्या बुद्धीचं कौतुक होतं, पण आता हे जगातलं वाचन पुरे, धर्मग्रंथांकडे वळ, असा उपदेशही होता. आणि पत्राखाली सही कोणाची? सिस्टर फिलोतेआ नावाच्या एका ननची! बाईला गप्प बसवायला बिशपने बाईचंच नाव घेतलं.

ह्वानाने 1 मार्च 1691 या तारखेचं उत्तर लिहिलं. अत्यंत नम्र आणि तितकंच धारदार. लहानपणीच्या त्या सगळ्या गोष्टी आपल्याला याच पत्रातून कळतात. मठाच्या एका मुख्य बाईंनी मध्यंतरी तिला अभ्यासाची बंदी केली होती, ती तीनेक महिने टिकली. पुस्तकाला तिने हात लावला नाही, पण डोळे कसे मिटणार? मुली भोवरा खेळत होत्या, तर तिने जमिनीवर पीठ पसरायला लावलं आणि भोवऱ्याची गती मंदावताना रेघ कशी उमटते ते बघितलं. पाकाची आणि अंड्याची निरीक्षणंही त्याच पत्रातली. शिवाय प्राचीन काळापासूनच्या विदुषींची लांबलचक यादीच तिने बिशपपुढे मांडली.

त्यातला एक मुद्दा मला माझ्या अगदी जवळचा वाटतो. मुलींना शिकवायला शिकलेल्या वयस्क स्त्रिया मिळत नाहीत. पुरुष शिक्षक घरी आणायची आईबापांना धास्ती वाटते. म्हणून मुली अडाणीच ठेवल्या जातात. तेव्हा बायकांना शिकवा, म्हणजे त्या पुढच्या मुलींना शिकवतील, असं तिचं म्हणणं. आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात गेली कित्येक वर्षं मी हेच ऐकते आहे. वर्ग संध्याकाळी आहे, शिकवायला सर आहेत, म्हणून मुलगी येत नाही. बाई येतात म्हटलं की तीच मुलगी येते. यात आईला दोष द्यावा असं मला वाटत नाही. तिची भीती खोटी नसते. प्रश्न एवढाच असतो, की त्या भीतीची किंमत दर वेळी मुलीनेच का मोजायची?

त्या पत्रानंतरची वर्षं कठीण गेली. 1692 मध्ये धान्याच्या टंचाईमुळे मेक्सिको शहरात दंगल झाली, व्हाइसरॉयचा वाडाच पेटवला गेला. तिला पाठीशी घालणारे दरबारी आता दुबळे झाले होते आणि आर्चबिशप स्त्रियांचा तिटकारा करणारे होते. अखेर तिने आपली पुस्तकं आणि उपकरणं विकायला काढून दिली. पैसे गरिबांना वाटायचे ठरले. 1694 मध्ये तिने स्वतःच्या रक्ताने सही करून दीक्षेची शपथ पुन्हा घेतली. हे तिने मनापासून केलं, की तिच्याकडून करवून घेतलं गेलं, यावर अभ्यासक अजून भांडतात.

मला त्या विकल्या गेलेल्या पुस्तकांपाशी थांबावंसं वाटतं. घर बदलताना माझी बी. ए. ची पुस्तकं रद्दीत गेली. कोणी जबरदस्ती केली नव्हती. नव्या घरात जागा नाही, आता तुला कशाला लागणार, एवढंच कोणीतरी सहज म्हणालं आणि मीही मान डोलावली. किलोवर वजन झालं. ह्वानाच्या दुःखाशी माझी तुलना करत नाही, ते हास्यास्पद होईल. पण स्वतःहून दिलं आणि द्यावं लागलं, यांतली रेघ किती पुसट असते, हे मला त्या दिवसामुळे कळतं. अभ्यासकांच्या भांडणात म्हणूनच मी कोणाचीच बाजू घेऊ शकत नाही.

1695 मध्ये मठात साथ पसरली. ह्वाना आजारी बहिणींची शुश्रूषा करत राहिली आणि त्यातच 17 एप्रिलला गेली. वयाची पन्नाशीही गाठली नव्हती. बिशपला लिहिलेलं ते उत्तर 1700 मध्ये, तिच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी माद्रिदला छापून आलं.

भारतात 1962 ते 1968 या काळात मेक्सिकोचे राजदूत असलेले कवी ओक्ताविओ पास यांनी 1982 मध्ये तिचं मोठं चरित्र प्रसिद्ध केलं आणि ती नव्याने जगापुढे आली. मेक्सिकोच्या 200 पेसोच्या नोटेवर ती अनेक वर्षं होती. 2020 पासून ती 100 पेसोच्या नोटेवर आहे. तिच्या मठाच्या इमारतीत आज तिच्याच नावाचं विद्यापीठ चालतं. ज्या मुलीला विद्यापीठात जाण्यासाठी मुलाचे कपडे हवे होते, तिच्याच घरात आता मुली उघड्या दाराने शिकायला जातात. तिथे पाककलेचीही पदवी मिळते, हे कळल्यावर मला हसू आलं. तिला फार आवडलं असतं.

परवा अभ्यासवर्गात मुलींना मी पाकातल्या लिंबाचं विचारलं. सातवीतली एक जण पटकन म्हणाली, की लिंबातल्या आंबटपणामुळे साखरेचे पुन्हा खडे होत नाहीत. कोणी सांगितलं, असं विचारलं तर म्हणे शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी.

बाईंनी! मी घरी येऊन आईला फोन केला आणि इतक्या वर्षांनी ते कारण तिला सांगितलं.