उत्क्रांतीचा हिशेब मांडणारे हाल्डेन

गरोदरपणाच्या पहिल्या तपासण्यांत ‘थॅलेसेमिया मायनर’ असा रिपोर्ट आला की घरात एकच प्रश्न उठतो : हे आमच्याच वाट्याला का? मीरा-भाईंदरसारख्या शहरात नाना प्रांतांतली, नाना समाजांतली कुटुंबे एकाच इमारतीत राहतात आणि हा रिपोर्ट त्यांपैकी कुणाच्याही हातात पडू शकतो. या प्रश्नाच्या उत्तराची दिशा ज्यांनी दाखवली ते डॉक्टर नव्हते. विज्ञानाची पदवीसुद्धा त्यांच्याकडे नव्हती. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि भारतीय नागरिक म्हणून भुवनेश्वरला देह ठेवलेल्या या शास्त्रज्ञाचे नाव जे. बी. एस. हाल्डेन.

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्डला झाला. वडील जॉन स्कॉट हाल्डेन श्वसनक्रियेचे नामवंत अभ्यासक होते. खाणींतल्या विषारी वायूंवरील त्यांच्या प्रयोगांत लहानगा मुलगाही सामील असे. ऑक्सफर्ड विद्यापीठात हाल्डेन गणित आणि मग ग्रीक-लॅटिन शिकले. जनुकशास्त्राची गोडी मात्र घरीच लागली. धाकटी बहीण नेओमी गिनीपिग पाळत असे आणि त्यांच्या पिल्लांच्या रंगांत मेंडेलचे नियम दिसतात का, हे भावंडे पाहू लागली. पुढे दोघांनी स्प्रंट या मित्रासह उंदरांवर काम केले आणि काही गुण वारशाने जोडीने उतरतात हे दाखवले. हा निबंध १९१५ मध्ये छापून आला तेव्हा हाल्डेन महायुद्धाच्या आघाडीवर होते. स्प्रंट त्याच युद्धात मारले गेले. हाल्डेन मेसोपोटेमियात जखमी झाले आणि उपचारांसाठी भारतात आले. या देशाशी त्यांची ओळख झाली ती अशी.

त्या काळी डार्विनच्या नैसर्गिक निवडीबद्दल शास्त्रज्ञांतही शंका होत्या. एवढ्याशा फरकांतून एवढे मोठे बदल कसे घडतील, हा मुख्य आक्षेप होता. हाल्डेन यांनी वाद घालण्याऐवजी गणित मांडले. मँचेस्टर परिसरात १८४८ च्या सुमारास काळ्या रंगाचा एक पतंग प्रथम नोंदला गेला. कारखान्यांच्या काजळीने झाडे काळवंडली आणि पन्नासेक वर्षांत तिथले बहुतेक पतंग काळेच झाले. इतक्या वेगाने बदल व्हायचा तर काळ्या पतंगांची संतती फिकट पतंगांपेक्षा सुमारे दीडपट टिकत असली पाहिजे, असा हिशेब हाल्डेन यांनी १९२४ मध्ये दिला. निवड किती जोराची आणि बदलाला पिढ्या किती, हे आता आकड्यांत सांगता येऊ लागले. १९३२ मध्ये उत्क्रांतीच्या कारणांवरचे त्यांचे पुस्तक आले.

त्याच वर्षी लंडनमध्ये उत्क्रांतीला विरोध करणारी एक चळवळ उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी डग्लस ड्यूअर हे भारतात सनदी अधिकारी होते. भारतीय पक्ष्यांवर त्यांनी बरेच लिहिले. ‘बॉम्बे डक्स’ हे त्यांचे पुस्तक १९०६ चे. उत्तनच्या वाचकांना शीर्षकात बोंबील दिसेल, पण पुस्तक आहे इथल्या पशुपक्ष्यांचे. १९०९ मध्ये ड्यूअर उत्क्रांती मानत होते, पुढे त्यांचे मत फिरले. प्राण्यांच्या एका कुळाच्या आत लहानसहान बदल होतात हे त्यांना मान्य होते, पण एका कुळातून दुसरे कुळ निर्माण होत नाही, मुख्य प्रकार निर्मात्याने वेगवेगळे घडवले, असे ते म्हणत. हाल्डेन आणि ड्यूअर यांचा लेखी वाद १९४९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. ड्यूअर अडाणी नव्हते. मधल्या दुव्यांचे जीवाश्म कुठे आहेत, ही त्यांच्या बाजूची मागणी रास्तच होती. चार पायांच्या प्राण्यांपासून देवमाशांपर्यंतचे असे दुवे पुढे पाकिस्तानात आणि आपल्या कच्छमध्ये सापडले.

थॅलेसेमियाचा धागा याच काळातला. हा दोष दोन्ही पालकांकडून आलेली मुले पूर्वी लहानपणीच दगावत. मग तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो कसा? नव्या उत्परिवर्तनांनी, म्हणजे जनुकात आपोआप होणाऱ्या बदलांनी, तो सतत भरून येत असावा, असे अमेरिकेतल्या संशोधकांना वाटले. हाल्डेन यांनी १९३५ मध्येच हिमोफिलियावरून मानवी उत्परिवर्तनाचा वेग काढला होता. त्यामुळे थॅलेसेमियासाठी लागणारा वेग त्यांना अवास्तव वाटला. दोषाची एकच प्रत असलेल्या वाहकांना मलेरियापासून संरक्षण मिळत असावे, अशी कल्पना त्यांनी मांडली. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलबाबत असेच संरक्षण दाखवून दिले. नंदुरबार ते गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी भागांत सिकलसेल का आढळतो, याचे मूळ इथे आहे. एक प्रत तारते, दोन प्रती मारतात. कुणी विचारपूर्वक आखलेल्या योजनेत हे बसवणे कठीण. नैसर्गिक निवडीत ते सहज बसते.

आकड्यांना प्रमाण मानणारे हाल्डेन एका ठिकाणी मात्र चुकले. ते कट्टर कम्युनिस्ट होते. सोव्हिएत रशियात लायसेन्कोने मेंडेलचे जनुकशास्त्र मोडीत काढले. हाल्डेन यांना १९२८ मध्ये रशियाला बोलावणारे वाविलोव्ह १९४३ मध्ये तुरुंगात मरण पावले. तरीही हाल्डेन यांनी लायसेन्कोचा स्पष्ट निषेध वेळेवर केला नाही. १९५० च्या सुमारास ते पक्षापासून दूर झाले. आधी निष्ठा आणि मग पुरावा, हा दोष फक्त धर्मश्रद्धेतच असतो असे नाही.

१९५७ मध्ये ते पत्नी हेलन स्पर्वे यांच्यासह कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. त्यांनी भारतीय पोशाख आणि शाकाहार स्वीकारला, नागरिकत्व घेतले. महागड्या यंत्रांवाचून, डोळे आणि वही वापरून संशोधन करता येते, हे त्यांनी इथल्या तरुणांना शिकवले. १९६२ मध्ये ते भुवनेश्वरला गेले. पुढे त्यांना गुदाशयाचा कर्करोग झाला. रुग्णशय्येवर त्यांनी या रोगावर विनोदी कविता लिहिली. लाजू नका, लवकर डॉक्टरांकडे जा, हा तिचा आशय होता. १ डिसेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. इच्छेप्रमाणे त्यांचा देह काकीनाडाच्या रंगराया वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.

थॅलेसेमिया मायनर हा शाप नाही, कुणाच्या पापाचे फळ नाही आणि सुनेचा दोष तर नाहीच. एखाद्या पूर्वजाला मलेरियातून वाचवणारा तो वारसा आहे. वाहक व्यक्ती सहसा निरोगी असते. मात्र पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर आजार असण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून लग्नापूर्वी, निदान गरोदरपणाच्या सुरुवातीलाच ही रक्ततपासणी करून घ्यावी, आणि पत्नी वाहक निघाली तर पतीने त्याच आठवड्यात रक्त द्यावे.