विश्लेषण : नूतन यांनी पडद्यावर गजाआडची स्त्री कशी उभी केली?

अभिनेत्री नूतन यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पाच फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. त्यातले दोन कोंडून ठेवलेल्या स्त्रियांच्या भूमिकांसाठी होते. त्या भूमिका आजही का महत्त्वाच्या आहेत?

नूतन कोण होत्या?
४ जून १९३६ रोजी मुंबईत समर्थ या मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील कुमारसेन दिग्दर्शक, तर आई शोभना ‘रामराज्य’मधील सीता म्हणून घराघरांत पोहोचलेल्या. आईनेच दिग्दर्शित केलेल्या ‘हमारी बेटी’तून १९५० मध्ये नूतन नायिका झाल्या.

पहिली भूमिका कोणती?
‘सीमा’ (१९५५). चोरीचा खोटा आळ आलेली अनाथ गौरी आश्रमात डांबली जाते. तिचा संताप नूतन यांनी जराही सौम्य केला नाही. पहिला फिल्मफेअर याच भूमिकेने दिला.

‘बंदिनी’ वेगळा कसा?
गौरी निर्दोष होती. बिमल रॉय यांच्या ‘बंदिनी’तली (१९६३) कल्याणी मात्र खुनी आहे. प्रियकर परतत नाही, वडील जातात आणि ज्या रुग्ण बाईची ती सेवा करते ती त्याच प्रियकराची पत्नी निघते. कल्याणी तिला विष देते आणि गुन्हा कबूल करते. निर्दोष कैद्याची कीव करणे सोपे असते. दोषी स्त्रीलाही माणूस म्हणून पाहायला या चित्रपटाने लावले.

तुरुंग कसा दिसतो?
चित्रपटाचा आधार असलेली ‘तामसी’ ही बंगाली कादंबरी ‘जरासंध’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या तुरुंग अधिकाऱ्याची. त्यामुळे इथे उंच भिंती आहेत, क्षयाने आजारी कैदी आहे आणि सारे ठीक असल्याची पहारेकऱ्याची आरोळीही आहे. जात्यावर दळणारी एक कैदी माहेरच्या आठवणीने गाते. भंडाऱ्याच्या खेड्यांपासून कोकणापर्यंत जात्यावरच्या गाण्यांत हीच ओढ आहे. फक्त इथल्या बाईला न्यायला कुणी येणार नाही. ते गाणे ऐकणाऱ्या नूतन यांचा चेहराच बाकीचे सांगतो.

आज त्याचे काय?
देशातील कैद्यांत स्त्रिया सुमारे ४ टक्के. संख्या कमी म्हणून त्यांच्या गरजा मागे पडतात. कैदी आईजवळ मूल सहा वर्षांपर्यंत राहू शकते; त्याच्या आहार, आरोग्य आणि शिक्षणाबाबतचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिले.

नूतन यांना १९७४ मध्ये पद्मश्री मिळाली. २१ फेब्रुवारी १९९१ रोजी, वयाच्या ५४व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. शिक्षा भोगणाऱ्या बाईलाही मागचे आयुष्य आणि पुढची वाट असते, हे कल्याणी आजही दाखवते.