विश्लेषण : ऑर्गन वाजवता न येणाऱ्या इंजिनीअरचे वाद्य जॅझ आणि रॉकच्या मंचावर कसे पोहोचले?

बाजारातला कोणताही चांगला स्टेज कीबोर्ड उघडून पाहा. पियानो आणि स्ट्रिंग्जच्या जोडीला त्यात ऑर्गनचा एक घुमणारा आवाज हमखास असतो. काही कीबोर्डवर त्यासाठी नऊ सरकत्या दांड्याही दिलेल्या असतात. हा आवाज आणि या दांड्या आल्या शिकागोतील एका घड्याळ कंपनीतून. तिचे मालक लॉरेन्स हॅमंड यांना स्वतःला ऑर्गन वाजवता येत नव्हता. त्यांनी वाद्य बनवले ते चर्च आणि घरातल्या दिवाणखान्यासाठी. वादकांनी ते क्लबात आणि मैफलींच्या मंचावर नेले, तेही हॅमंड यांना जे दोष वाटत होते त्या दोषांसकट.

आपल्याकडे ऑर्गन म्हटले की संगीत नाटकातला, पायाने भाता चालवून वाजवायचा ऑर्गन आठवतो. त्यात पेटीसारखेच हवेने कंप पावणारे सूर असतात. हॅमंड ऑर्गनमध्ये हवाही नाही आणि तसे सूरही नाहीत. तिथे फिरतात पोलादी चकत्या.

लॉरेन्स हॅमंड कोण होते?

जन्म ११ जानेवारी १८९५, अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या इव्हान्स्टनचा. वडील बँकेत होते. बँक अडचणीत आल्यानंतर १८९७ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. चित्रकार असलेल्या आईने मुलांना घेऊन युरोप गाठला. जिनिव्हा, ड्रेस्डेन, पॅरिस अशा शहरांत बालपण गेल्याने हॅमंड फ्रेंच आणि जर्मन सफाईने बोलत. १४ वर्षांचे असताना त्यांनी मोटारीसाठी आपोआप गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा आराखडा केला आणि आईच्या सांगण्यावरून रेनो कंपनीला दाखवला. तो नाकारला गेला.

१९०९ मध्ये कुटुंब मायदेशी परतले. १९१६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनीअरिंगची पदवी, मग पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये सैन्यसेवा, त्यानंतर डेट्रॉइटमध्ये बोटींची इंजिने बनवणाऱ्या कंपनीत मुख्य इंजिनीअरची नोकरी असा पुढचा प्रवास. टिकटिक ऐकू न येणाऱ्या घड्याळाची कल्पना विकून हाती पैसे आल्यावर ते स्वतंत्र झाले. १९२२ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या एका थिएटरात त्रिमितीय सिनेमाही दाखवला. प्रत्येक खुर्चीला जोडलेल्या झडपेतून तो पाहायचा होता. हा प्रयोग त्या एका थिएटरापलीकडे गेला नाही.

घड्याळातून ऑर्गन कसा निघाला?

अमेरिकेतील विजेची सेकंदाला ६० आवर्तने होतात. या ठोक्यावर चालणारी मोटर बनवली, की तिचा वेग कमी-जास्त होत नाही. अशी मोटर वापरून हॅमंड यांनी १९२८ मध्ये विजेच्या घड्याळांची कंपनी काढली. पाठोपाठ महामंदी आली आणि घड्याळांचा खप घसरला. पत्ते आपोआप पिसून वाटणारे ब्रिजचे टेबलही त्यांनी बनवून पाहिले. कारखाना चालू ठेवायला नवे काही हवे होते.

१९३३ मध्ये त्यांनी १५ डॉलरला एक जुना पियानो घेतला आणि पट्ट्यांचा भाग ठेवून बाकी सगळे टाकून दिले. मोटरच्या जोरावर दातेरी चकत्या लोहचुंबकासमोर फिरवल्या, की जवळच्या तारेच्या गुंडाळीत वीज उमटते. चकतीला जितके दाते आणि जितका वेग, तितका सूर उंच. ही युक्ती मूळ त्यांची नव्हती. थॅडियस केहिल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी याच तत्त्वावर सुमारे २०० टनांचे यंत्र उभारले होते. पण केहिल यांच्या वेळी ध्वनिवर्धक नव्हता. हॅमंड यांच्या हाती तो होता, त्यामुळे चकत्या लहान करता आल्या. त्यांच्या पुढच्या प्रसिद्ध मॉडेलमध्ये अशा ९१ चकत्या आहेत.

एप्रिल १९३४ मध्ये पेटंट मिळाले आणि वर्षभरात वाद्य लोकांपुढे आले. सुरुवातीच्या ग्राहकांत हेन्री फोर्ड आणि संगीतकार जॉर्ज गर्श्विन होते.

मोटरचा वेग पक्का असल्याने हा ऑर्गन कधी बेसूर होत नाही. उन्हाळ्या-पावसाळ्यात पेटीचे ट्यूनिंग करून घेणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. मात्र सुराची चावी वीज कंपनीच्या हाती गेली. अमेरिकेसाठी बनवलेला ऑर्गन आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर लावला, तर काळी एक दाबूनही सूर मिळेल जवळपास खालच्या काळी पाचचा. म्हणून युरोपसाठी कंपनीला वेगळी यंत्रणा द्यावी लागली.

पाइप ऑर्गनची बरोबरी झाली का?

चर्चमधले पाइप ऑर्गन प्रचंड महाग असत आणि मंदीत ते कोणाला परवडत नव्हते. हॅमंड ऑर्गन त्या तुलनेत किरकोळ किमतीचा. पण पाइप ऑर्गनचे सगळे आवाज यातून निघतात, असा कंपनीचा दावा होता आणि अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने त्यावर बोट ठेवले. प्रकरण परीक्षेपर्यंत गेले. शिकागो विद्यापीठाच्या रॉकफेलर चॅपेलमध्ये ७५,००० डॉलरचा पाइप ऑर्गन आणि २,६०० डॉलरचा हॅमंड आळीपाळीने वाजवून श्रोत्यांना ओळखायला सांगितले. जाणकारांचीही उत्तरे बऱ्याच वेळा चुकली.

आयोगाने १९३८ मध्ये कंपनीला जाहिरातीतले दावे थांबवायला लावले. कागदावर ही हार होती, पण एवढ्या किमतीच्या वाद्याशी तुलना झाल्याची प्रसिद्धी कोणत्याही जाहिरातीने मिळाली नसती. १९६६ पर्यंत सुमारे ५०,००० चर्चमध्ये हॅमंड पोहोचल्याचा अंदाज आहे.

एकट्या वादकाला यात काय मिळाले?

हॅमंडला दोन कीबोर्ड आणि पायाखाली बेससाठी पेडल असतात. उजव्या हाताने एका आवाजात चाल, डाव्या हाताने दुसऱ्या आवाजात साथ आणि पायाने खर्ज, असे तिघांचे काम एक जण करतो. पियानोचा सूर वाजताक्षणी विरत जातो, इथे पट्टी धरून ठेवली तोवर तो टिकतो. पट्टी जोरात मारल्याने आवाज वाढत नाही, त्यासाठी उजव्या पायाखाली वेगळे पेडल आहे. पेटी वाजवणाऱ्याला हे लगेच समजेल. तिथेही आवाजाचा जोर बोटांत नसतो, तो भात्यात असतो.

म्हणूनच अमेरिकन रेडिओवरच्या मालिकांना पूर्ण वाद्यवृंदाऐवजी एक हॅमंडवादक पुरू लागला. १९४४ मध्ये एथेल स्मिथ यांनी हॅमंडवर वाजवलेले ‘टिको टिको’ सिनेमातून घराघरात गेले. हॅमंड यांच्या मनातले वाद्य बहुधा हेच होते : एक जण, एक ऑर्गन आणि समोर बसून ऐकणारे लोक.

मग बँडने तो का निवडला?

याचे पहिले कारण हिशेबाचे आहे. लहान जॅझ क्लबला चार-पाच वादकांचे मानधन परवडत नसे. हॅमंड असला की बेसवादक लागत नाही. ऑर्गन, गिटार आणि ड्रम्स एवढ्यात कार्यक्रम उभा राहतो. या त्रयीला पुढे ऑर्गन ट्रायो हे नावच पडले.

फॅट्स वॉलर आणि वाइल्ड बिल डेव्हिस यांनी हॅमंड जॅझमध्ये आणला होता, पण त्याचे व्याकरण घडवले फिलाडेल्फियाच्या परिसरातल्या जिमी स्मिथ यांनी. मूळचे पियानोवादक असलेल्या स्मिथ यांनी एका गोदामात वाद्य ठेवून रियाज केला आणि १९५६ मध्ये ब्लू नोट कंपनीसाठी पहिले रेकॉर्डिंग केले. डावा हात चालता बेस धरतो, पाय पेडलला हलका ठोका देऊन त्याला धार आणतो आणि उजवा हात मोकळा राहतो.

इथे त्या नऊ दांड्यांचा, म्हणजे ड्रॉबारचा खरा उपयोग कळतो. प्रत्येक दांडी सुराचा एक घटक वाढवते किंवा कमी करते. स्मिथ पहिल्या तीन दांड्या पूर्ण ओढून बाकीच्या बंद ठेवत आणि त्यावर प्रत्येक सुराच्या सुरुवातीला टणक ठोका देणारी ‘परकशन’ची कळ लावत. वरच्या दांड्या बंद असल्या की गिटार आणि झांजांना जागा राहते. गायक थांबला की दांड्या ओढून सगळी जागा भरून काढता येते, आणि हे सारे वाजवता वाजवता. समूहात वाजवणाऱ्याला आवाज सुंदर असून भागत नाही, तो इतरांना वाट देणारा लागतो. माझ्या मते हॅमंड टिकला तो मुख्यतः या दांड्यांमुळे.

रॉकवाल्यांची गरज उलटी होती. तिथे कर्कश गिटारसमोर टिकायचे होते. डीप पर्पलच्या जॉन लॉर्ड यांनी हॅमंड गिटारसाठीच्या मार्शल ॲम्प्लिफायरला जोडला आणि आवाज मुद्दाम फाटू दिला. बुकर टी. जोन्स यांचे १९६२ चे ‘ग्रीन अनियन्स’ वाजले ते घरगुती वापराच्या छोट्या मॉडेलवर.

या सगळ्यात एक गंमत आहे. हॅमंडच्या प्रत्येक पट्टीखाली नऊ विद्युत जोडण्या असतात. त्या नेमक्या एका क्षणी जुळत नाहीत, म्हणून पट्टी दाबताना बारीक ‘टक्’ असा आवाज येतो. कंपनीच्या लेखी हा दोष होता आणि तो घालवण्यासाठी तिने खटपट केली. जॅझवादकांना मात्र तोच हवा होता. जलद तानेतला प्रत्येक सूर त्यामुळे वेगळा ऐकू येतो.

लेस्ली स्पीकरशी वैर कशासाठी?

कॅलिफोर्नियातील डॉन लेस्ली यांना घरात हॅमंडचा आवाज सपाट वाटला. त्यांनी स्पीकरपुढे फिरता भोंगा बसवला. आवाज जवळ येतो, दूर जातो आणि सुराला जिवंत कंप मिळतो. त्यांनी हा शोध हॅमंड कंपनीपुढे ठेवला. कंपनीने नकार दिल्यावर लेस्ली यांनी १९४१ पासून तो स्वतःच विकायला सुरुवात केली. हॅमंड यांना हा स्पीकर कधीच आवडला नाही आणि आपल्या विक्रेत्यांनी तो ठेवू नये असेच कंपनीचे धोरण राहिले. आज मात्र वादकांच्या तोंडी हॅमंड आणि लेस्ली हा जोडशब्द आहे.

बाकीची वाद्ये मागे का पडली?

हॅमंड थांबणारे नव्हते. १९३९ मध्ये त्यांनी नोव्हाकॉर्ड आणला. त्यात १६३ व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि ७२ पट्ट्या एकाच वेळी वाजू शकत. त्याला आजच्या सिंथेसायझरचा पूर्वज म्हणता येईल. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात संगीतकार फर्डी ग्रोफे यांनी चार नोव्हाकॉर्ड आणि एक हॅमंड ऑर्गन असा वाद्यवृंद उभा केला. यंत्र जड, गुंतागुंतीचे आणि महाग होते. युद्धकाळात १९४२ मध्ये उत्पादन थांबले ते कायमचे.

१९४० चा सोलोव्हॉक्स पियानोला जोडायचा छोटा कीबोर्ड होता. तो एका वेळी एकच सूर देई. १९५० च्या कॉर्ड ऑर्गनमध्ये बटण दाबले की तयार सुरावळ वाजे, म्हणजे न शिकलेल्यालाही वाजवता यावे. हौशी घरांत ही वाद्ये खपली. व्यावसायिक वादकाला मात्र आवाज स्वतः घडवायचा असतो, आणि ती मुभा त्यांत फार कमी होती.

पुढे काय झाले?

सर्वांत नावाजलेले मॉडेल, बी-३, १९५४ मध्ये आले. बाक आणि पेडलसह त्याचे वजन सुमारे १९० किलो. लेस्लीची पेटी वेगळी. तरीही बँड ते जिन्यांवरून चढवत आणि गाड्यांतून नेत राहिले. हॅमंड १९६० मध्ये निवृत्त झाले आणि १ जुलै १९७३ रोजी कनेक्टिकटमधील कॉर्नवॉल येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर सुमारे शंभर पेटंट होती. त्यानंतर दोनएक वर्षांत चकत्यांचे ऑर्गन बनणे बंद झाले.

हॅमंड हे नाव आता जपानच्या सुझुकी कंपनीकडे आहे. चकत्यांचा आवाज आज एका हाताने उचलता येईल अशा डिजिटल कीबोर्डमधून निघतो. त्यांतल्या अनेकांत पट्टीचा तो ‘टक्’ आवाज किती ठेवायचा, यासाठीही वेगळे सेटिंग असते.