वर्णपटाचे पुणेकर अभ्यासक

पाण्यातील शिसे अत्यल्प असले, तरी ग्राफाइटच्या भट्टीत त्याची वाफ करून, तिने विशिष्ट तरंगलांबीचा किती प्रकाश शोषला यावरून ते मोजता येते. प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशरेषा वेगळ्या, हे त्यामागील तत्त्व. याच रेषांच्या अभ्यासाला कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७-१९३८) यांनी पुण्यात आयुष्य वाहिले.

भावनगरच्या महाराजांची देणगी आणि सरकारी साहाय्य यांतून त्यांनी १८८८ मध्ये कॉलेज ऑफ सायन्समध्ये वेधशाळा उभारली. वर्णपटाच्या खगोलशास्त्रीय अभ्यासाकडे त्यांना वळविण्यात इंग्लंडमधील नॉर्मन लॉकियर यांचा वाटा होता. मृग नक्षत्रातील तेजोमेघाची मुख्य रेषा मॅग्नेशियममुळे उमटते आणि म्हणून ती एका बाजूस पसरट असते, असे लॉकियर यांचे मत होते. नायगमवालांना मात्र ती रेखीव दिसली. मार्गदर्शकाचा सिद्धान्त अडचणीत येत असूनही त्यांनी १८९१ मध्ये ते निःसंकोचपणे प्रसिद्ध केले. ती रेषा ऑक्सिजनची असल्याचे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखविले.

२२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून अभ्यासले. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्याने वेधशाळा गमावली. नायगमवालांची ती नोंद मात्र खरी ठरली.