आंब्यांची नोंद ठेवणारा वैद्य : गार्सिया द ओर्ता

पोर्तुगालमधील एका धर्मांतरित यहुदी कुटुंबात जन्मलेला गार्सिया द ओर्ता हा वैद्य इ. स. १५३४ मध्ये गोव्यास आला आणि उरलेले सारे आयुष्य त्याने याच भूमीत वेचले. केवळ जुन्या ग्रंथांवर विसंबून न राहता येथील वनस्पती स्वतः पाहाव्यात, जाणत्यांस विचारावे, मगच लिहावे, असा त्याचा बाणा होता. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. तेथील त्याच्या एका आम्रवृक्षास वर्षातून दोनदा फळ येई.

इ. स. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात निरनिराळ्या प्रांतांतील आंब्यांची तुलना आहे. घाटावरचे आंबे मोठे व रुचकर. गुजरातेतील काही आंबे लहान, परंतु गंधाने व स्वादाने सरस, आणि कोय अगदी बारीक! सुरतकरांस हे वाचून कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही.

इ. स. १५६८ मध्ये तो निवर्तला. गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून इन्क्विझिशनने पुढील वर्षी त्याच्या बहिणीस जाळले आणि १५८० मध्ये त्याच्या अस्थीही उकरून अग्नीत टाकल्या. ग्रंथ मात्र १५६७ मध्येच लॅटिन संक्षेपाच्या रूपाने युरोपात पोहोचला होता. त्यामुळे चार शतकांपूर्वीच्या त्या आंब्यांची ओळख आपणांस आजही होते.

विद्यार्थी मित्रहो, कोयीपासून वाढलेले झाड पुष्कळदा मूळ झाडासारखे फळ देत नाही. म्हणून परसातील जुना आंबा जाण्यापूर्वी त्याचे कलम बांधून घ्या, आणि आजीआजोबांना विचारून त्याचे नाव व गुण वहीत लिहून ठेवा.